जिप्सी घ्यायचीच असेल तर

गुहागर, भाद्रपद

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हर्णैच्या त्या 1998 च्या मारुती जिप्सी किंगचे फोटो मोठे करून पाहिले. गाडी तुझ्या मनात भरली आहे हे पहिल्याच ओळीत कळलं आणि मला खरंच बरं वाटलं. पण विसार दिला नसशील तर अजून देऊ नकोस.

तू लिहितेस की इंजिन शिलाई मशीनसारखं चालतं. असेलही. 1996 साली किंग आली ती मारुतीच्या एस्टीम मोटारीच्याच घराण्यातलं 1.3 लिटरचं इंजिन आणि पाच गिअर घेऊन. हे इंजिन चिवट आहे. वेळेवर ऑईल मिळालं तर दमत नाही, आणि दमलंच तर रिंगा, बेअरिंगं, हेड सगळं काम चिपळुणात होतं, नाहीतर घाट चढून कोल्हापुरात होतं. पैसे जातात, पण गाडी परत उभी राहते. आपल्या किनाऱ्यावर गाडी मरते ती खालून, इंजिन धडधाकट असताना. म्हणून तुझ्या पत्रात मी चॅसीबद्दल, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याबद्दल, एखादी ओळ शोधत होतो. ती नव्हती.

माझी पहिली जिप्सी मी ओळखीच्या माणसाकडून घेतली होती. खालून काळंकुट्ट ताजं कोटिंग मारलेलं. मला वाटलं, काय जपली आहे माणसाने! सहा महिन्यांनी कुंभार्ली घाट उतरताना मागून 'कट्' असा आवाज आला आणि गाडी एका कुशीवर बसली. खाली शिरून पाहिलं. मागच्या पाट्याचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, शॅकल (जोडकडी) चॅसीला जिथे धरलेलं असतं, तिथलं लोखंड पापुद्र्यासारखं सुटलं होतं. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा तळहातावर ओला तांबडा भुगा पडला. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता आणि शेजारच्या सीटवर बसला होता. तो भुगा मी आजही विसरलेलो नाही.

असं का होतं ते नीट समजून घे. जिप्सीची चॅसी म्हणजे दोन लांब पोकळ पेट्या. वाळूवर गाडी फिरवली, फेरीबोटीच्या धक्क्यावर खारं पाणी उडालं, की ते भोकांतून आत जातं. सोबत रेती आणि चिखल. पाणी निघून जाण्याची भोकं चिखलाने बुजतात आणि खारट ओल आत महिनोन्‌महिने बसून राहते. लोखंड आतून खाल्लं जातं, बाहेरचा रंग मात्र शाबूत. वर कोणी कोटिंग फासलं तर ओल कोंडली जाते आणि गंज झाकलाही जातो. तेव्हा जुन्या गाडीखाली ताजा काळा रंग दिसला तर तू तरी खूश होऊ नकोस.

हातोडी घे, छोटी. चॅसीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगलं लोखंड टणटणतं, सडलेलं भद् वाजतं. दोनदा ऐकलंस की कान तयार होतो. मागची शॅकलं आणि बॉडी जिथे चॅसीवर बोल्टने बसते त्या जागा सोडू नकोस. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचल. काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे चाचप. बॉडीसाठी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरव. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे रंगाखाली भरलेली पुट्टी. दारात एखादी चीर लांबीने भरलेली असली तर चालेल. चाकाच्या मागचा अख्खा भाग लांबीचा असेल तर तिथे नुसतं रंगवलेलं भोक आहे असं समज.

गाडी मधली काही वर्षं चिपळुणात होती असं मालक म्हणाला ना? मग जुलै 2021 ला ती कुठे उभी होती ते सरळ विचार. वाशिष्ठीच्या त्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या, धुतल्या गेल्या आणि नंतर विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. गुंडाळलेल्या टोकाला कोणी साबण लावत नाही, गाळाची रेघ तिथेच राहते. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा गंज हाताला लागतो का तेही पाहा.

आता कागद. 1998 ची गाडी म्हणजे 2013 ला पंधरा वर्षं झाली. त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग (आर.टी.ओ.कडची तपासणी आणि नूतनीकरण), म्हणजे आर.सी.वर, गाडीच्या नोंदणीपत्रावर, 2028 पर्यंतची मुदत दिसायला हवी. मुदत संपलेली असेल तर पासिंग, दंड आणि पर्यावरण कर विकणाऱ्याच्या नावावरच होऊ दे, मग व्यवहार. वीस वर्षांपुढच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्कच 2025 मध्ये 10,000 रुपये झालं आहे. चॅसीवर कोरलेला नंबर स्वतः वाचून आर.सी.शी ताडून बघ. गंजाने आकडे खाल्ले असतील तर पासिंगला गाडी अडते, आणि तिथे तुझं कोणी ऐकणार नाही. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही झाल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही. बँकेचा बोजा आर.सी.वर असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35. परिवहनच्या पोर्टलवर चलनं बाकी आहेत का तेही तपास. 'एजंट करून देईल' हे उत्तर घेऊ नकोस.

तुझ्याजवळ अडीच लाख आहेत. ते सगळे गाडीत घालू नकोस. माझं मत विचारशील तर पाऊण ते एक लाख बाजूला ठेव, गाडी कितीही चांगली दिसो. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते मालकाला आठवणार नाही, तो पहिल्या आठवड्यात बदलायचा. ब्रेकचे होज, टायर, क्लच आहेच. पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या घाल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि 1998 चं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटर कुरकुरतो. त्यासाठी गाडी दर आठवड्याला फिरवायची.

घाई नसेल तर घाटावरची गाडी शोध. कराड, सातारा, नगरकडची. रंग उडालेला असेल, सीट फाटलेल्या असतील, इंजिन थोडं धूर काढत असेल, पण खालून कोरडी. मला विचारशील तर मी अशा धुरकट गाडीला हर्णैच्या चकचकीत गाडीपेक्षा जास्त पैसे देईन. आणि मग आणल्यावर तिला पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, न्यायचं नाही, मैत्रिणींनी कितीही आग्रह केला तरी. फेरीबोटीतून उतरलीस की घरी गोड्या पाण्याचा पाईप खालून मारायचा, चॅसीच्या भोकांत पाच मिनिटं धरायचा. शेड नसेल तर नारळाच्या झापांचा मांडव घाल, पण तिन्ही बाजूंनी वारा खेळता ठेव.

तरी हर्णैच्या गाडीत तुझा जीव अडकलाय हे मला कळतं. मालकाला रविवारची वेळ माग. गाडी थंड ठेवायला सांग, आपण येण्याआधी चालू करायची नाही. मी सकाळच्या पहिल्या फेरीने धोपाव्याहून दाभोळला उतरतो, तू तिथे न्यायला ये. जुने कपडे घाल आणि एक गोणपाट आण, खाली झोपून बघावं लागणार आहे. हातोडी आणि चुंबक माझ्या पिशवीत असतील, पण ठोकायचं तू, मी नुसता ऐकेन.

तुझा,
काका