मार्चमध्ये ओमाहाला येताय? आधी कागदं उंचावर ठेवा

भाऊ, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही, म्हणून लिहितोय. तुम्ही वरूडकडचे, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बायको आणि सहा वर्षांची पोरगी घेऊन अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला येताय, आणि विचारलंय की तोवर थंडी संपली असेल ना, पोरीला जाड कपडे घ्यायचे का. मी मोर्शी तालुक्यातला, २०१८ पासून इथं आहे. व्हिसा, टॅक्स, बँक हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

थंडी संपत नाही. मार्च-एप्रिल हा इथला सगळ्यात बेभरवशाचा काळ. आपल्या गावातून उत्तरेला पाहिलं की सातपुडा आडवा दिसतो, इथं कॅनडापर्यंत तसं आडवं काहीच नाही. खालून मेक्सिकोच्या आखातातली गरम दमट हवा चढते, वरून थंड हवा उतरते आणि दोघी या मैदानात भिडतात. मग एकाच वादळाच्या एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला गारा, विजा, टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी जबर वावटळ. सकाळी साध्या शर्टावर ऑफिसला गेलो आणि संध्याकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत बसलो, असं माझ्यासोबत झालंय. एप्रिलचा बर्फ तर ओला आणि जड राह्यते, झाडाच्या फांद्या मोडतात, फावड्यानं उचलताना छाती भरून येते, एका दमात उपसू नका.

आमचा पहिला दणका १३-१४ मार्च २०१९ चा. जमीन गोठलेली, वर बर्फाचा थर आणि त्यावर धो धो पाऊस, पाणी मुरणार कुठं? तिकडं नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं, नद्यांमधून बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या वाहत आल्या, कित्येक गावांचे रस्ते तुटले. आम्ही नदीपासून लांब होतो, म्हणून निश्चिंत होतो. भाड्याचं घर, खाली बेसमेंट, तिथं पाणी उपसणारा पंप असते, त्याला संप पंप म्हणतात. रात्री लाइट गेली, पंप बंद पडला, आणि सकाळी पायऱ्या उतरलो तर घोट्याएवढं थंडगार पाणी. त्यात आमची कागदांची सुटकेस आडवी पडलेली. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावरचा जांभळा शिक्का सगळ्या कागदभर पसरला होता. लसीकरणाचं कार्ड नर्सबाईंनी निळ्या पेनानं भरलेलं होतं, त्यातल्या तारखा धुऊन गेल्या आणि नुसते छापलेले रकाने राहिले. बायकोनं ते कार्ड हीटरवर वाळवलं, तरी काय वाचता येणार त्यात.

पुढं ऑगस्टमध्ये पोरीला शाळेत घालायचं होतं. नवीन दाखल्यासाठी माझ्या भावानं किती चकरा मारल्या त्याचं त्याला माहीत, आणि आला तेव्हा आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं. लसींसाठी आरोग्य केंद्रातल्या रजिस्टरचा फोटो मागवला, तो मराठीत, शाळेनं चालत नाही म्हणून सांगितलं. लेखी पुरावा नाही म्हणजे लस घेतलेलीच नाही, पुन्हा द्या. एका दिवसात चार इंजेक्शनं, पाच वर्षांची पोरगी. ती म्हणाली, "बाबा, मी तर घेतल्या होत्या ना?" मी म्हटलं, घे बेटा. मी त्या ऑफिसात आवाज चढवून बोलायला पाह्यजे होतं, पण आपला व्हिसा दुसऱ्याच्या हातात असला की तोंडातून शब्द फुटत नाही. आज ती छान शिकते, पण ते चार बँडेज अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

एकटेपणाचं विचारलं तुम्ही. सवय होते, त्याचा फार विचार करू नका.

आता टोर्नेडोचं. हवामान खात्याचे इशारे दोन: वॉच म्हणजे वातावरण तयार झालंय, वॉर्निंग म्हणजे कोणाला दिसलाय किंवा रडारवर आलाय, तेव्हा लगेच खाली जायचं, खिडकीत उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही. अपार्टमेंट घेताना तळमजला पहा आणि सायरन वाजला की कुठं जायचं ते विचारूनच सही करा. २६ एप्रिल २०२४, शुक्रवार, तिकडं आपल्या भागात लोकसभेचं मतदान झालं होतं, बाबांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला होता. दुपारी ओमाहाच्याच एल्कहॉर्न भागातून ईएफ-४ जोराचा टोर्नेडो गेला, म्हणजे ताशी २६५ किलोमीटरच्या वर वारा. शाळेनं पोरं सोडलीच नाहीत, सगळी भिंतीकडं तोंड करून, गुडघ्यावर बसून, डोक्यावर हात ठेवून. आमची घरी आली आणि मला ते करून दाखवलं, आणि मला एकदम बाबा आठवले. २०१४ च्या गारपिटीत ते वावरात होते, बैलबंडीखाली शिरले आणि असेच डोक्यावर हात घेऊन बसले. संत्र्याचा आंबिया बहार झडला, हरभरा झोपला. मी तेव्हा पुण्यात होतो. पंचनामा होऊन गेल्यावर चार दिवसांनी गावी पोचलो.

त्या शुक्रवारी तिकडं रात्रीचे अडीच वाजले होते. सकाळी उठून त्यांनी फोन केला, "काय रे, तिकडं जबर वारं सुटलं म्हन्ते?" मी म्हटलं, आमच्याकडं काही नाही बाबा, लांब होतं. लांब नव्हतं. तेही आता गारा पडल्या की सांगत नाहीत, मला तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समजते. वर सवय होते असं लिहिलं ना मी, ते माझ्यापुरतं अजून झालेलं नाही.

तर कागदं प्लास्टिकच्या बंद पाकिटात आणि वरच्या कपाटात. लसींचं कार्ड इंग्रजीत टाइप करून डॉक्टरच्या सही-शिक्क्यानिशी घ्या, स्कॅन करून दोघांच्या मेलवर ठेवा, आणि सगळीकडं स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे का ते वहिनींना एकदा तपासू द्या. कपडे तिथं घेऊ नका, तिथला स्वेटर इथल्या वाऱ्यात टिकत नाही. आमच्या पोरीचे जुने बर्फाचे बूट आणि जॅकेट आहे, तुमच्या पोरीला होईल. विमानाची तारीख कळवा, मी घेऊनच येतो.