घर घेताना: तुमचे प्रश्न

प्रश्न : पुण्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत ६२ लाखांचा फ्लॅट पाहिला. बिल्डर २० टक्के आधी भरा, करारनामा नंतर करू म्हणतो. माझ्याकडे १३ लाख आहेत, बाकीचं कर्ज. जमेल का?

उत्तर : करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं रेरा (घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणाऱ्या) कायद्याच्या कलम १३ नुसार बेकायदा आहे. म्हणजे फार तर ६,२०,०००. ‘सगळेच देतात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४९,६०,०००. उरलेले १२,४०,००० तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के (४,३४,०००), नोंदणी ३०,००० आणि जीएसटी ५ टक्के (३,१०,०००). एकूण २०,१४,००० हाताशी हवेत. खरेदी फक्त पत्नीच्या नावे केली, तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ६२,००० वाचतात. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेला फ्लॅट घेतलात, तर जीएसटीच नाही. मात्र तिथे दर बहुधा चढा असतो.

महारेराच्या (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरची ताब्याची तारीख करारनाम्यातल्या तारखेशी ताडून पाहा. हप्ता भरताना १ टक्का टीडीएस (बिल्डरच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो, तो अनेकजण विसरतात.