पोर्तुगीज शिकताना मराठीचा आधार घ्या

वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून पोर्तुगीज शिकणाऱ्यांची पत्रं आमच्याकडे येत असतात. कुणाला गोव्यातली जुनी कागदपत्रं वाचायची असतात, कुणाला लिस्बनला शिकायला जायचं असतं. या अंकात त्यांतल्या पाच पत्रांना उत्तरं दिली आहेत. पोर्तुगीज शब्द देवनागरीत, ऐकू येतात तसे लिहिले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे उच्चार पोर्तुगालचा समजावा.

प्रश्न: मी डुओलिंगोवर पोर्तुगीज शिकत होते. आता पणजीच्या एका बाईंची ऑनलाइन शिकवणी लावली, तर त्या माझे निम्मे उच्चार बदलायला सांगतात. कुणाचं खरं धरायचं? (विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर: दोघांचंही बरोबर आहे. डुओलिंगोवर ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात, गोव्यात पोर्तुगालची चालते. 'दिवस' या अर्थाचा शब्द लिस्बनमध्ये 'दीअ' आणि साओ पाउलोत 'जीअ' असा ऐकू येतो. शब्दाच्या शेवटचा 'एस' पोर्तुगालमध्ये 'श' होतो, ब्राझीलच्या बऱ्याच भागांत 'स'च राहतो. बसला तिकडे 'औतॉकारु', ब्राझीलमध्ये 'ओनिबुस'. सोळा, सतरा आणि एकोणीस या आकड्यांच्या स्पेलिंगमध्येही एका स्वराचा फरक आहे.

चालू काळ तर तुमच्या बोलण्यात जवळजवळ तयारच आहे. 'मी खातोय' याला ब्राझीलमध्ये क्रियापदाचं वेगळं रूप लागतं, तर पोर्तुगालमध्ये 'श्तो अ कुमेर' म्हणतात: आधी 'आहे'चं रूप, मग 'अ', मग मूळ क्रियापद. आपल्याकडचं 'मी खायलोय' हेही 'खायला'वरूनच घडलेलं आहे, त्यामुळे ही रचना पाठ करायची गरज पडू नये.

निवड कामाप्रमाणे करा. गोव्याची कागदपत्रं, पोर्तुगालमधलं शिक्षण किंवा लिस्बन विद्यापीठाच्या परीक्षा असतील तर बाईंचं ऐका. ब्राझीलच्या कंपनीत काम किंवा तिथली सेल्पे-ब्रास ही परीक्षा असेल तर आहे ते चालू ठेवा. बोलताना मात्र पहिलं वर्षभर एकच धरा. एक इशारा: ब्राझीलमध्ये 'तू', 'तुम्ही' या अर्थी सर्रास चालणारं 'व्होसे' पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्यांना तुटक वाटू शकतं. गोव्यातल्या वयस्कर माणसांशी बोलताना पुरुषाला 'उ स्न्योर' आणि बाईला 'अ स्न्योरअ' म्हणावं, क्रियापद तृतीय पुरुषाचं घ्यावं. जवळच्यांना 'तु'.

प्रश्न: पुस्तकातला धडा वाचला की कळतो. तोच ऐकला की शब्द सुटे होत नाहीत. कान तयार कसा करायचा? (वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: अडचण कानाची नाही, पोर्तुगालचे लोक आघात (म्हणजे उच्चारातला जोर) नसलेले स्वर गिळतात म्हणून असं होतं. लिहिलेला 'ए' जवळजवळ नाहीसा होतो, 'ओ'चा 'उ' होतो, 'आ'चा 'अ'. पुस्तकात 'टेलेफोने' दिसतं, कानावर 'त्लफॉन्' येतं. 'पेकेनो' म्हणजे लहान, ते 'प्केनु' होतं. तुम्ही डोळ्यांनी पाठ केलेला शब्द कान शोधत बसतो आणि तोवर वाक्य संपतं. कन्नड माध्यमात शिकलेल्यांना शेवटचा स्वरही पूर्ण उच्चारायची सवय असते, त्यांना हे थोडं जास्त जड जातं.

म्हणून आधी आघात कुठे पडतो ते पक्कं करा. शब्दावर चिन्ह असेल तर सहसा तिथेच आघात. चिन्ह नसेल आणि शब्द ए, ई, ओ या इंग्रजी अक्षरांनी संपत असेल (पुढे एस किंवा एम असला तरी), तर शेवटून दुसऱ्या अवयवावर (म्हणजे एका स्वराच्या तुकड्यावर). आय, यू, एल, आर, झेड यांनी संपत असेल तर शेवटच्या अवयवावर.

मग पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिमुद्रणातला जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. मजकूर न पाहता तीनदा ऐका आणि जे ऐकू येईल ते देवनागरीत लिहा. हो, देवनागरीतच, कारण रोमन अक्षरं लिहिताना हात आपोआप स्पेलिंगकडे वळतो. त्यानंतर मागे छापलेला मजकूर काढून शब्दाशब्दाने ताडा आणि गिळलेल्या स्वरांखाली पेन्सिलीने टिंब द्या. शेवटी ध्वनिमुद्रणासोबत मोठ्याने वाचा, त्याच वेगात. रोज एक तुकडा पुरे. धड्यांचे तुकडे सहज जमू लागले की मगच आरटीपी या पोर्तुगालच्या सार्वजनिक वाहिनीच्या बातम्या लावा. सुरुवातीलाच बातम्या लावल्या तर नुसता गोंगाट ऐकू येतो आणि माणूस हिरमुसतो.

शब्द जोडले गेले की 'श' बदलतो, तेही ध्यानात असू द्या. दोन म्हणजे 'दोइश', पण दोन मित्र म्हणताना पुढे स्वर आला म्हणून 'दोइज़ अमीगुश'. हा 'ज़' जहाजातला, जेवणातला नव्हे.

मराठी माणसाची जीभ इथे बऱ्याच बाबतीत तयार असते. त, द, प, क जसे आहेत तसे चालतात. इंग्रजीच्या वळणाने ट आणि ड मात्र आणू नका. 'एन-एच' ही जोडी म्हणजे आपला 'ञ'. 'एल-एच'ला आपल्याकडे पुष्कळ जण 'ळ' लावतात, ते चूक. 'ळ'ला जिभेचं टोक मागे वळतं, इथे टोक खालच्या दातांपाशी ठेवून जिभेचा मधला भाग टाळूला लावायचा, 'ल्य' एका झटक्यात. इंग्रजी 'जे' अक्षरासाठी सलग 'श्श्श' म्हणत राहा आणि घशावर बोट ठेवून आवाज चालू करा. बोटाला कंप जाणवला की तो ध्वनी जमला. अनुनासिकात आळस करू नका: 'पँउँ' म्हणजे पाव, नाकातला आवाज गेला की 'पाउ', म्हणजे काठी. तसंच 'अव्हॉ' आजी आणि 'अव्हो' आजोबा. ओठ जास्त उघडले तर आजी.

प्रश्न: व्याकरणाचं पुस्तक इंग्रजीतून आहे. दोन भूतकाळ आणि 'सुब्झुंतीव्हु' नावाचा प्रकार यांत मी अडकले आहे. मराठीतून समजावता येईल का? (शिक्षिका, खानापूर)

उत्तर: येईल, आणि इंग्रजीपेक्षा सोपं जाईल. इंग्रजी वाक्याचं पोर्तुगीज करायची सवय सोडा, मराठी वाक्यावरून करा.

दोन भूतकाळ आपल्याकडे आहेतच. 'खाल्लं' म्हणजे 'कुमी', 'खात होतो' किंवा 'खायचो' म्हणजे 'कुमीअ'. इंग्रजीतल्या एकाच साध्या भूतकाळात 'राहिलो' आणि 'राहायचो' दोन्ही मावतात, म्हणून ते पुस्तक पानंच्या पानं नियम सांगत बसतं. 'सबेर' म्हणजे माहीत असणे. त्याचं अपूर्ण रूप 'सबीअ' म्हणजे 'मला माहीत होतं' आणि पूर्ण रूप 'सोब' म्हणजे 'मला कळलं'. 'कुन्येसेर'चं तसंच: 'ओळखत होतो' आणि 'ओळख झाली'. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे गल्लत होत नाही.

मराठी फसवते ती एका ठिकाणी. 'मी तीन वर्षं गोव्यात राहत होतो' हे मराठीत बिनचूक आहे, पण मुदत सांगितली आणि ती संपली की पोर्तुगीजमध्ये पूर्ण रूपच लागतं. तिथे मनात 'तीन वर्षं राहिलो' असं वाक्य करून मग बोला.

'सुब्झुंतीव्हु'ला घाबरण्याचं कारण नाही. 'त्याने यावं असं मला वाटतं' यातलं 'यावं' तेच आहे. इच्छा, विनंती, गरज सांगताना मराठीत '-आवं' येतं, पोर्तुगीजमध्ये हे रूप येतं. बनवायची रीत अशी: वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्या आणि शेवटचा 'ओ' काढा. मूळ क्रियापद '-आर'ने संपत असेल तर 'ए' लावा, '-एर' किंवा '-इर'ने संपत असेल तर 'आ'. मूळ रूपावरून न बनवता 'मी'च्या रूपावरून बनवलं की 'येणे', 'करणे', '(जवळ) असणे' यांची अवघड रूपंही आपोआप बरोबर येतात. सेर, श्तार, ईर, दार, सबेर, केरेर आणि अवेर ही सात क्रियापदं नियमाबाहेरची, ती पाठच करावी लागतात.

नकाराकडे लक्ष ठेवा. 'मला वाटतं तो येईल' याला साधं रूप. 'मला नाही वाटत तो येईल' इथे मराठीत काही बदलत नाही, पोर्तुगीजमध्ये मात्र सुब्झुंतीव्हु हवाच.

याच प्रकारातला भविष्यकाळ इंग्रजी पुस्तकं विचित्र म्हणून शेवटच्या धड्यात ढकलतात. 'तो आला की सांगते.' तो अजून यायचा आहे, तरी आपण भूतकाळाचं 'आला' वापरतो. पोर्तुगीजमध्येही हे रूप भूतकाळावरूनच निघतं: 'ते आले' याचं रूप घ्या, शेवटची 'ए-एम' ही इंग्रजी अक्षरं काढा. 'व्येरँउ'चं 'व्येर', 'फिज़ेरँउ'चं 'फिज़ेर', 'तिव्हेरँउ'चं 'तिव्हेर'. 'क्वांदु एल व्येर, दीगु' म्हणजे 'तो आला की सांगते'. बोलण्यात हे रोज लागतं, शेवटपर्यंत थांबू नका.

प्रश्न: आमच्या घराण्याची सत्तरी तालुक्यात जमीन होती. पोर्तुगीज राजवटीतले दस्त आहेत. ते स्वतः वाचण्यापुरती भाषा यावी म्हणून काय शिकावं? (निवृत्त कर्मचारी, शहापूर)

उत्तर: बोलण्याचे धडे तुम्हाला नकोत. दस्ताची भाषा ठरीव साच्याची असते, तिथे थोड्या गोष्टी पक्क्या लागतात. पहिलं, आकडे अक्षरी. जुन्या दस्तांत तारीख, वर्ष, रक्कम पुष्कळदा अक्षरांत लिहिलेली असते, म्हणून एक ते एकतीस, शंभराचे पाढे आणि महिन्यांची नावं आधी शिका. दुसरं, नात्यांचे शब्द: अमुकचा मुलगा, अमुकची विधवा, आईकडचे आजोबा. तिसरं, 'कुन्सेल्यु' म्हणजे तालुक्याच्या पातळीचा विभाग आणि त्याखालची 'फ्रेगज़ीअ', म्हणजे गावाच्या पातळीचा विभाग.

घोटाळा होतो तो असा. 'प्रेदिउ' हा शब्द बोलण्यात इमारतीसाठी आहे, पण दस्तात त्याचा अर्थ कुठलीही स्थावर मालमत्ता. पुढे 'रुश्तिकु' असेल तर ती शेतजमीन. अंक ७ पुढे 'ब्रो' असं लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. शब्दकोशात शब्द सापडला नाही तर दस्ताचं वर्ष पाहा. १९११ साली पोर्तुगालने स्पेलिंग सुधारलं. त्याआधीच्या कागदात 'पी-एच'च्या जागी 'एफ', 'टी-एच'च्या जागी 'टी' धरा, एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलं असेल तर त्यातलं एक काढा आणि पुन्हा शोधा. प्रिबेराम हा ऑनलाइन शब्दकोश यासाठी चांगला.

मूळ नोंद हवी असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा. तालुका, गाव, वर्ष आणि मूळ मालकाचं नाव एका कागदावर मांडून न्या. कोर्टात द्यायचं भाषांतर मात्र अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्या. तुमच्या वाचनाचा उपयोग एवढा की त्याच्याकडे नेमका कोणता कागद न्यायचा ते तुम्हाला कळेल.

प्रश्न: पोर्तुगालची ए२ पातळीची परीक्षा कशी असते? (वाचक, चिकोडी)

उत्तर: ए२ म्हणजे भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरची खालून दुसरी पातळी. लिस्बन विद्यापीठाचं काप्ले हे केंद्र ती परीक्षा घेतं, नाव 'सिप्ले'. वाचन आणि लेखन मिळून सव्वा तास, ४५ टक्के गुण. ऐकणं अर्धा तास, ३० टक्के. तोंडी परीक्षा १५ मिनिटं, २५ टक्के. उत्तीर्ण व्हायला एकूण ५५ टक्के लागतात. केंद्रं, तारखा आणि फी बदलत असतात, त्या काप्लेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

आपल्याकडचे विद्यार्थी वाचनात गुण मिळवतात आणि ऐकण्यात घालवतात, म्हणून शेवटचे दोन महिने निम्मा वेळ वर सांगितलेल्या तुकड्यांना द्या. लेखनात 'आवडणे' हमखास चुकतं: मराठीत 'मला मासा आवडतो', पोर्तुगीजमध्ये 'गॉश्तु द पैश', कर्ता मी आणि मधला 'द' सक्तीचा. तोंडी परीक्षा सहसा दोघांची जोडीने होते, तेव्हा तयारीही कुणाला तरी समोर बसवून करा. प्रश्न समजला नाही तर गप्प बसू नका, 'पॉद रपतीर, पुर फव्होर?' असं विचारा. ते पुन्हा सांगतात.