नोकरी इंग्रजीत, संसार जर्मनमध्ये

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या पतींना जर्मनीत श्टुटगार्ट येथे अभियंत्याची नोकरी मिळाली असून फेब्रुवारीत त्यांना तिथे रुजू व्हायचे आहे. कंपनीचे कामकाज इंग्रजीतून चालते, त्यामुळे त्यांना भाषेची अडचण वाटत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि नाशिकमध्ये नऊ वर्षे प्रॅक्टिस करते. मुलगी सात वर्षांची आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की आधी त्यांना एकट्याला जाऊ द्यावे, दोनेक वर्षांत बस्तान बसले की आम्ही जावे. आम्ही केव्हा जावे, आणि तिथे मला माझे काम करता येईल का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : वडीलधाऱ्यांची काळजी मी समजू शकते, परंतु दोन वर्षे थांबू नका, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते आणि त्यानंतर मूल पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार हे ठरते. आपली कन्या सातव्या वर्षी गेली, तर त्या वळणापूर्वी भाषा आत्मसात करायला तिला पुरेसा अवधी मिळेल. नवव्या वर्षी गेली, तर भाषा शिकता शिकताच तिची पारख होईल. तिथल्या अनेक शाळांत नवागत मुलांसाठी भाषेचे पूर्वतयारी वर्ग असतात. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे तिथे, शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतात. पतींनी फेब्रुवारीत पुढे जावे, घर शोधावे आणि आपण दोघींनी ऑगस्टपर्यंत तिथे पोहोचावे, हे मला सर्वांत सोयीचे वाटते. नोकरीतील परीक्षाकाळ (प्रोबेशन) जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, तोही तोवर उरकलेला असेल. गोवराच्या लसीचा दाखला मात्र मुलीच्या कागदपत्रांत अवश्य ठेवा. मार्च २०२० पासून शाळेसाठी तो बंधनकारक आहे.

आता आपल्या कामाविषयी, कारण आपल्या पत्रातला हा प्रश्न शेवटी आला असला तरी मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पतींना ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना, मिळाले, तर आपल्याला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोहोचल्यावर नोकरी करण्याची पूर्ण मुभा असते. ही सवलत चांगलीच आहे, पण तिच्यामुळे अनेक जणी निघण्यापूर्वी एक अक्षरही शिकत नाहीत आणि मग वर्षानुवर्षे घरी अडकून पडतात. फिजिओथेरपी हा तिथे परवान्याचा व्यवसाय आहे. आपली पदवी तिथल्या प्रशिक्षणाच्या तोडीची आहे की नाही, हे राज्याचे कार्यालय विषयवार आणि तासवार तपासते, आणि काही उणीव दिसल्यास पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा सांगते. रुग्णांशी संबंध येत असल्यामुळे भाषा साधारणपणे बी-टू पातळीची, म्हणजे ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीची, लागते. ४५ मिनिटांच्या सहाशे ते आठशे तासिकांचा हा अभ्यास आहे, तेव्हा तो आजच सुरू करा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग घरबसल्याही करता येतात. नाशिक सोडण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाकडून पूर्ण अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाचे तास आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास यांचा सही-शिक्क्याचा दाखला घ्या. हा कागद परदेशातून पत्रे पाठवून मिळवणे किती जिकिरीचे असते, ते मी मैत्रिणींच्या बाबतीत पाहिले आहे. पदवीच्या मान्यतेचा अर्ज भारतातूनही करता येतो, त्यासाठी तिथे पोहोचण्याची वाट पाहू नका.

पतींच्या बाबतीतही 'भाषेची अडचण नाही' हे अर्धेच खरे आहे. आम्ही श्टुटगार्टजवळ राहायला गेलो, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. कोणाची तरी चुकून राहिली असेल, असे समजून मी ती खालच्या खुंटीला अडकवून आले. दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरील आजी बादली आणि फडके घेऊन दारात उभ्या राहिल्या व जिन्याच्या पायऱ्या, कठडा, तळघराकडे जाणारा बोळ असे एकेक बोटाने दाखवू लागल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि मला जर्मन. त्या भागात 'केअरवोखे' म्हणजे इमारतीच्या झाडलोटीची आठवड्याची पाळी असते, आणि पाटी ज्याच्या दारी येईल त्याची ती पाळी, हे मला नंतर कळले. पुढे वर्षभराने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलता येऊ लागले, तेव्हा याच आजींनी आमच्या मुलाला मायेने सांभाळले. कार्यालयातील इंग्रजी या जिन्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय ब्लू कार्डधारकाला कायम वास्तव्याचा परवाना ए-वन भाषेवर २७ महिन्यांनी आणि बी-वनवर २१ महिन्यांनी मागता येतो, हेही पतींच्या कानावर घाला.

घराविषयी थोडेसे. जाहिरातीत लिहिलेले 'थंड भाडे' हे पाणी, कचरा, गरम करण्याचा खर्च वगळून असते; अनामत कायद्याने तीन थंड भाड्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. अनेक घरे स्वयंपाकघराविना मिळतात, म्हणजे तिथे ओटा, शेगडी, भांडी घासायचे सिंक यांपैकी काहीच नसते, तेव्हा त्याची चौकशी आधी करा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. जो मालक हे पत्र देण्याची टाळाटाळ करतो, त्याचे घर घेऊ नये.

प्रश्न : मुलगा शिक्षणासाठी जर्मनीला निघाला आहे. त्याच्यासोबत घरचे तूप, पेढे आणि मसाले द्यावेत का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तूप आणि पेढे देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे आणि सापडल्यास ते काढून घेतले जातात. आंबे, ताजा कढीपत्ता, भाज्या हेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, पोहे, डाळी बेताच्या प्रमाणात द्याव्यात. पाकिटे घट्ट बंद करून प्रत्येकावर आतील पदार्थाचे नाव इंग्रजीत लिहा, कारण लाल तिखटाची बिननावाची पुडी विमानतळावर उघडून दाखवावी लागली, तर कपड्यांनी भरलेली सगळी बॅगच त्या वासाने माखते. तुपाची उणीव मात्र त्याला भासणार नाही. तिथल्या दुकानांत बिनमिठाचे लोणी सहज मिळते आणि ते उत्तम कढते; निघण्यापूर्वीच्या या दिवसांत त्याला आपल्यासमोर दोनदा तरी लोणी कढवायला लावा.