ताकासारखं दिसलं म्हणून ओतून द्यायचं का?

प्रश्न: काका, यंदा बीएस्सी केमिस्ट्री झाले. दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. आता कुपवाड एमआयडीसीत एका एचडीपीई (एक कडक प्लास्टिक) पाइपच्या कारखान्यात लॅबला घेतायत, दिवसभर प्लास्टिकच्या दाण्यांची डेन्सिटी नि एमएफआय, म्हणजे वितळल्यावर ते किती सहज वाहतं, ते काढायचं. वर्षभर करून पैसे साठवावेत नि परत मेडिकलचं बघावं असं डोक्यात आहे, पण मावशी म्हणते प्लास्टिकमध्ये कसलं आलंय करिअर.
– एक वाचक, सांगली

उत्तर: मावशीच्या सिंथेटिक साडीपासून स्कूटीच्या टायरपर्यंत सगळं पॉलिमरच, म्हणजे प्लास्टिकसारखंच लांब साखळीच्या रेणूंचं आहे, ते तिला सांग. असो.

तुझ्यासारखीच एक पोरगी अमेरिकेत होती, स्टेफनी क्वोलेक. वडील लहानपणीच गेलेले, डॉक्टर व्हायचं होतं पण पैसे नव्हते, म्हणून १९४६ ला केमिस्ट्रीची डिग्री घेऊन ड्यूपाँट या केमिकल कंपनीत लागली, तेही तात्पुरती, फीपुरते जमले की सोडायचं म्हणून. सुटली ती १९८६ ला, रिटायर होऊनच!

साठच्या दशकात टायरसाठी हलका पण दणकट धागा शोधत होते. पॉलिमर विरघळवला की एरवी काकवीसारखा घट्ट रस व्हायचा, हिच्या भांड्यात मात्र पातळ गढूळ काहीतरी झालं, थेट ताकच. धागा काढायचं मशीन म्हणजे आपला शेवेचा सोऱ्या समज, भोकं फक्त एकदम बारीक. मशीनवाला म्हणाला यात कण दिसतायत, भोकं तुंबतील, मी नाय चालवणार. दुसरं कोणी असतं तर बेसिनमध्ये ओतून मोकळं झालं असतं, हिनं गाळून बघितलं तरी गढूळच, कारण कचरा नव्हताच तो, काडीसारखे ताठ रेणू एकाच दिशेनं ओळीत पडलेले. मागं लागून लागून धागा काढून घेतला नि तो तुटेना. आकडे बघून तिचाच विश्वास बसेना, परत परत टेस्ट केली मगच साहेबांना सांगितलं. तोच केव्लार, बुलेटप्रूफ जॅकेटातला, वजनाला वजन धरलं तर स्टीलच्या पाचपट ताकदीचा. पेटंटचे हक्क कंपनीकडं गेले, रॉयल्टी तिला नाही, हेपण माहीत असू दे.

तिनं पीएचडी केली नव्हती, पण तो काळ वेगळा. तुला रिसर्चला जायचं तर एमएस्सी लागेलच, त्यासाठी जॅमची, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची तयारी कर, पुण्याला एनसीएल ही केमिस्ट्रीची प्रयोगशाळा नि मुंबईला आयसीटी ही केमिकलची इन्स्टिट्यूट, दोन्हीकडं पॉलिमरचं काम चालतं. नोकरी घेच. एखाद्या लॉटचा एमएफआय भलताच आला तर नुसता रिजेक्टचा शिक्का मारून गप बसू नको, का आला ते खोदून विचार, पहिल्या दोन महिन्यांत त्यात मन रमतंय का ते तुलाच कळेल, मग तिसऱ्यांदा नीटचं ठरव.

आणि हो, जॉइन व्हायच्या आधी लॅबमध्ये एक्झॉस्ट आहे का बघून घे. एमएफआयला दाणे १९० डिग्रीला वितळवतात, तो वास घरी जेवताना पण नाकातनं जात नाय.