नाशिकमध्ये सीबीटी करणारे मानसोपचारतज्ज्ञ कसे शोधावेत?

औषधे देणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारा, संवादातून होणारा उपचार) करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात, म्हणून दोघे मिळून काम करतात असा दवाखाना शोधणे मला अधिक योग्य वाटते. सुरुवातीला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करावी. मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी मात्र अवश्य पाहावी. वेळ घेतानाच विचारावे, की सत्र किती मिनिटांचे असते आणि घरी काही लिहायला देतात का. कारण सीबीटीत साधारणपणे आठवड्याला पाऊण ते एक तासाचे सत्र होते आणि मधल्या दिवसांत प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार व तो खरा मानण्यास आधार काय, हे वहीत नोंदवावे लागते. भेट मिळेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतून बोलता येते. कृपया एकट्याने सोसत राहू नये.