जुनी एमएक्स-५ घेऊन स्पोर्ट्स कार क्लबमध्ये जावं का? तिथे वर्षभर नक्की काय चालतं?

पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ तुमच्याकडे आहे, जवळच्या स्पोर्ट्स कार क्लबचं सभासद व्हावं का असं तुम्ही विचारलंय, आणि शेवटी जोडलंय, "की हा पैसेवाल्यांचा गाड्या मिरवायचा अड्डा असतो?" त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो. अशाच एका क्लबच्या मासिक पत्रिकेतलं 'सभासद वार्ता' हे पान मी बरीच वर्षं सांभाळलं. मिरवणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. पण सगळ्या क्लबला त्यांच्या रांगेत बसवलेलं मला सहन होत नाही.

आधी सरळ उत्तर. व्हा सभासद. गाडी लहान आहे, जुनी आहे, हा संकोच तर मनातून काढूनच टाका. १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हापासून ऑटोक्रॉसवाल्यांची, म्हणजे मैदानात शंकूसारखे कोन मांडून त्यांतून एकेक गाडी वेळ मोजून पळवणाऱ्यांची, ती लाडकी आहे. वजन एक टनाच्या आत, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, स्टिअरिंग असं की पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळतं. कोन लावलेल्या मैदानात नुसत्या हॉर्सपॉवरला फार किंमत नसते. शिवाय गाड्या वर्गवार धावतात, त्यामुळे तुमची तुलना तुमच्यासारख्या गाड्यांशीच होणार.

आता मिरवण्याबद्दल. इंग्लंडमधला ७५० मोटर क्लब १९३९ साली सुरू झाला तो साध्या, स्वस्त ऑस्टिन सेव्हन चालवणाऱ्यांसाठी. लोटस कंपनी काढणारा कॉलिन चॅपमन याच क्लबच्या शर्यतींतून पुढे आला. १९५१ साली त्याने ऑस्टिन सेव्हनवर बेतलेली लोटस मार्क ३ तिथे उतरवली. ती इतकी पुढे पळायला लागली की तिच्या इंजिनातली युक्ती क्लबला नियम करून बंद करावी लागली. पुढे त्याच लोटसची १९६२ सालची एलान डोळ्यांसमोर ठेवून माझ्दाने तुमची एमएक्स-५ घडवली. म्हणजे तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचं मूळ शोधत गेलं तर ते एका क्लबपाशी, आणि सुट्टीच्या दिवशी हात काळे करणाऱ्या माणसांपाशीच पोचतं. क्लबला अड्डा म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

वर्षभराचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी सारखंच. ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस, तुम्हाला माहीत असणारच. टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली असते, तिच्यात वेग नव्हे, वेळ पाळायची असते. उशिरा पोचलात तर दंड आणि लवकर पोचलात तरी दंड. ताफा करून सहली निघतात. सहलीत प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवायची आणि वळणावर ती दिसेपर्यंत थांबायचं, एवढा एक नियम पाळला तर कुणी चुकत नाही. एखाद्या सभासदाच्या गॅरेजमध्ये ब्रेक पॅड नाहीतर क्लच शिकवायचे दिवस असतात. वर्षातून एखादं प्रदर्शन, बक्षीस समारंभ, वार्षिक सभा. आणि पत्रिका. ती सगळ्यात कमी वाचली जाते, आणि क्लबची खरी ओळख तिच्यातच असते असं माझं ठाम मत आहे. कसं, ते सांगतो.

आमच्याकडे स्पर्धेच्या सकाळी गाड्यांची तपासणी एक ज्येष्ठ सभासद करत. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची स्वतःची गाडी रंग उडालेली होती आणि प्रदर्शनाच्या दिवशी ते ती मागच्या रांगेत लावत. पण ऑटोक्रॉसला मैदानावर सगळ्यांच्या आधी तेच हजर. बॉनेट उघडायचं, बॅटरी हाताने हलवायची, जागची हलली तर गाडी बाजूला. ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटकन वर येतो का ते बघायचं. ब्रेकचं पेडल कडक लागतंय की दाबत ठेवल्यावर खाली जातंय. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचं, नंतर दोन्ही बाजूंनी धरून. वर-खाली धरल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं धरल्यावर जाणवला तर टाय रॉड. मॅट, पाण्याची बाटली, पान्हे, सगळं गाडीबाहेर. घरंगळणारी बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होतं हे ते कधी समजावत बसले नाहीत. स्वतः वाकून काढायचे आणि जमिनीवर ठेवायचे.

एका सकाळी रांगेत कार्यकारिणीतल्या एका सभासदांची नवी गाडी आली. नवी म्हणजे त्यांच्यासाठी नवी. मोठं व्ही-८ इंजिन, आधीच्या मालकाने कव्हर घालून जपलेली, चाललेली अगदी थोडी. 'सभासद वार्ता'साठी तिचा फोटो माझ्याकडे आधीच येऊन पडला होता. काका टायरपाशी बसले. बाहेरच्या बाजूला टायर बनल्याच्या तारखेचा कोड दिसेना. असं पुष्कळदा होतं: पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो आणि बसवताना ती बाजू आत गेली की उभ्या माणसाला तो कधीच दिसत नाही. काकांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावून पुढची चाकं पाहिली. मग मागच्या चाकाशी चटई टाकून पाठीवर आडवे झाले, टॉर्च आत धरला आणि तिथूनच चार आकडे मोठ्याने वाचले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर दहा वर्षांहून जुने निघाले.

"ही गाडी आज धावणार नाही," काका उठता उठता म्हणाले.

"अहो काका, नक्षी तर बघा! नव्यासारखी आहे."

"नक्षी तुम्ही बघा, मी तारीख बघतो."

मालक चिडले. कार्यकारिणीतले आणखी दोघे आले. आपलेच आहेत, दोन फेऱ्या सावकाश मारतील, मैदान सपाट आहे, वगैरे. काकांनी कागदावर 'नापास' लिहिलं, सही केली आणि मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली. आवाजही चढवला नाही.

काका शंभर टक्के बरोबर होते, आणि का ते इथे नीट लिहितो, कारण त्या दिवशी कुणी ऐकून घेतलं नाही. रबर झिजतं तसंच म्हातारंही होतं. हवेतला ऑक्सिजन त्याला आतून कडक करतो आणि ओझोन वरून भेगा पाडतो. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं मिसळलेली असतात, पण टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती नीट पृष्ठभागावर येतात. म्हणून उभ्या गाडीच्या टायरला भेगा लवकर जातात. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगले टायर, हा समज उलटा आहे. कित्येक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, आणि टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दहा वर्षं ही शेवटची हद्द सांगतात, नक्षी कितीही असो. २०१३ साली अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला, त्याच्या तपासात वेग हेच मुख्य कारण ठरलं, पण टायर नऊ वर्षांचे होते हेही त्यात नोंदवलेलं आहे. ती गाडीही फार चाललेली नव्हती.

घरी येऊन मी पानासाठी चार ओळी लिहिल्या. नाव नाही, गाडीचं वर्णन नाही. तपासणीत एक गाडी जुन्या टायरमुळे थांबवली, नक्षी पूर्ण होती, कोड आतल्या बाजूला सापडला, सभासदांनी आपापल्या गाडीची आतली बाजूही बघावी. खाली तपासणी करणाऱ्यांचे आभार. बैठकीत या चार ओळी कापल्या गेल्या. 'सभासद वार्ता' आनंदाच्या बातम्यांसाठी असते, असं मला सांगण्यात आलं. त्या जागी त्याच गाडीचा फोटो पानभर गेला, खाली अभिनंदन. काकांचं नाव अंकात कुठेच नव्हतं. तो अंक छापून झाल्यावर मी पान सोडलं. राग तेव्हाही होता आणि आजही आहे.

समोरच्यांचं म्हणणं असं होतं की क्लब हौसेवर चालतो. लोक सुट्टीच्या दिवशी आनंदासाठी येतात, चारचौघांत अपमान झाला तर पुढच्या वर्षी वर्गणी भरणार नाहीत. वर्गणीवाचून क्लब चालत नाही हे मलाही कळतं. मैदानाचं भाडं, वेळ मोजायची यंत्रं, विमा, सगळं त्यातूनच येतं. पण माझ्या ओळींत कुणाचं नावच नव्हतं तर अपमान कुणाचा? त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी जणांनी घरी जाऊन टायर आतून तपासले, मला येऊन सांगितलं. जे रांगेत नव्हते त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचवायला पत्रिकेशिवाय दुसरं होतं काय? कुणी कोणती गाडी घेतली हे पार्किंगमध्ये सगळ्यांना दिसतंच. कोण पाठीवर झोपून टायर वाचतं, कोण भर उन्हात कोन उचलतं, कोण रात्री बसून निकाल लावतं, हे छापल्याशिवाय कुणाला कळत नाही. सभासदांची बातमी म्हणजे हीच. ज्या क्लबमध्ये तपासणी करणाऱ्याचा शब्द अध्यक्षाच्या गाडीलाही लागू होतो तो क्लब चांगला, मग तिथल्या गाड्या कितीही साध्या असोत. आणि जिथे "आपलेच आहेत" चालतं तिथे सभासद होऊ नये, गाड्या कितीही भारी असोत. या मतावरून मी हलणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच की अर्ज भरायच्या आधी पत्रिकेचे मागचे काही अंक मागून घ्या. 'सभासद वार्ता' किंवा तसलं जे काही पान असेल ते वाचा. नुसते नव्या गाड्यांचे फोटो आणि ट्रॉफ्या असतील तर तुमची शंका खरी आहे, दुसरा क्लब बघा. तपासणीत काय सापडलं, कोनवर कोण होतं, नवख्यांना शेजारी बसून कुणी शिकवलं, आजारी सभासदाची गाडी कुणी सुरू करून ठेवली, असलं काही वाचायला मिळालं तर पैसे भरून टाका.

आणि पहिल्या वेळी गाडी न नेता जा. मैदानावर काम मागा. चांगल्या क्लबमध्ये धावणाऱ्या प्रत्येकाला एक पाळी काम करावंच लागतं, त्यामुळे जादा हात कुणी नाकारत नाही. बहुधा कोन सांभाळायला देतील. प्रत्येक कोनच्या बुडाभोवती खडूने चौकट आखलेली असते. कोन आडवा पडला किंवा पूर्ण चौकटीबाहेर गेला की दंड. सरकला पण उभा राहून चौकटीला शिवून असला तर दंड नाही. अमेरिकेतल्या एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) नियमांत एका कोनला दोन सेकंद जातात आणि बरेच क्लब तेच धरतात. दोन सेकंद म्हणजे मिनिटभराच्या फेरीत पहिला आणि शेवटचा यांच्यातला फरक. तिथे उभं राहून दिवसभर इतरांच्या चाकांच्या रेषा बघितल्यात तर गाडी कुठे वळवायची हे पहिल्याच फेरीत कळेल. शिवाय क्लब कसा आहे तेही कळेल, कारण कोनवर उभ्या माणसाशी लोक कसे बोलतात ते लगेच दिसतं.

आता राहिलेल्या गोष्टी, ज्या खरं तर आधीच लिहायला हव्या होत्या. तुमची विमा पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचा. वेळ मोजून होणारे प्रकार आणि ट्रॅक बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, तेव्हा क्लबचा विमा नेमकं काय भरून देतो ते लेखी विचारा. ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं; डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नव्याला निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शिरल्यावर तीच हद्द १५५ वर येते, आणि तेल उकळलं की पेडल थेट फरशीला लागतं. फेरी मारून आल्यावर गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. हेल्मेट मोटरसायकलचं चालेल का ते क्लबला विचारा. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या कारसाठीच्या एसए दर्जात अस्तर आगीला टिकणारं असतं, मोटरसायकलच्या एम दर्जात ती चाचणीच नसते.

तुमची गाडी उघड्या छताची आहे हे मात्र सगळ्यांत महत्त्वाचं. ऑटोक्रॉसला बहुतेक क्लब ती तशीच चालवू देतात. ट्रॅक डेला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान, मागतात, आणि मागायलाच हवा. तो बसवला की हेल्मेट घालून सीटवर बसा आणि रोल बारच्या माथ्यापासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत एक सरळ काठी टेकवायला सांगा. हेल्मेट काठीला लागलं तर सीट खाली घ्यावी लागेल किंवा बार उंच लागेल. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये उंच माणसाला हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा बार विकत घेण्याआधीच उंची मोजून बघा.